खालून ठोका, वरून उत्तर

या, असे जवळ या. मागे दाराशी बसलेल्यांनीही पुढे सरका, जागा आहे. आज गोष्ट सांगायची आहे ती गुणाजी परबाची. तो कुणी साधू नव्हता, संत नव्हता. घाटकोपरच्या डोंगरावर राहणारा पत्रेवाला होता, आणि गुरुवारच्या भजनात झांज वाजवायचा. हरीचं नाव घ्या आणि ऐका.

पत्र्याचं छप्पर गळतं तेव्हा गळतीची जागा शोधणं हेच निम्मं काम असतं. पाणी लबाड. ते शिरतं एकीकडून, पत्र्याच्या वळ्यांमधल्या पन्हळीतून धावतं आणि टपकतं भलतीकडेच. म्हणून हे काम जोडीनं करायचं. एक जण शेडच्या आत लाकडी घोड्यावर उभा राहून ओलीच्या खुणेवर बांबूनं दोनदा ठोकतो. दुसरा छपरावर. ठोका ऐकून तो त्या जागी जातो आणि टाच आपटतो. जागा बरोबर असली की खालचा एकच ठोका देतो, म्हणजे मिळालं. नसली तर पुन्हा दोन. कीर्तनात बुवांनी चरण टाकावा आणि मागच्यांनी तो उचलावा, तसंच हे.

खाली ठोकायचा धोंडिराम, वर ऐकायचा गुणाजी. धोंडिराम जालन्याकडचा. त्याच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, गुणाजीच्या घरात विठोबा. त्यावरून रोजची थट्टा.

"तुझा देव बघ," धोंडिराम म्हणायचा, "कमरेवर हात ठेवून उभा. आमच्या मुकादमासारखा. काम करायचं कोणी? आपण."

"अरे, तो उभो आसा म्हणान आपण वर चढतंव. बसलो असतो तर आपणय बसलो असतंव."

"आणि पगार?"

"तो रखुमाईक इचार."

वीस-पंचवीस वर्षं दोघं असेच छपरांवर आणि छपरांखाली राहिले. भांडुप, मुलुंड, कांजूर. जिथं कारखाने होते तिथं टॉवर आले, पण टॉवर बांधेपर्यंत माल ठेवायला जुन्या शेड लागतातच, आणि जुनी शेड म्हटली की गळणारच. छपराचे पत्रे, भिंतींचे पत्रे, सडलेले स्क्रू, फाटलेली रबरी वायसरं. काम कधी संपलं नाही.

आता गुणाजीचं गुपित. बरीच वर्षं पत्र्यावर हातोडा आणि कानाशी ग्राइंडर. त्यानं त्याचे कान हळूहळू गेले. इतके हळू, की त्याला स्वतःलाही नीट कळलं नाही. कारण गुणाजी अनवाणी चालायचा. पत्रे तापायच्या आत, सकाळच्या उन्हात तो वर जायचा आणि खालचा ठोका तळपायात उमटायचा. डाव्या पावलात जास्त उमटला की डावीकडे सरकायचं. त्याला वाटे, आपण ऐकतोय. भजनातही झांज जमिनीवर मांडी घालून, पखवाजाला गुडघा टेकवून वाजवायचा. ताल गुडघ्यातून वर चढे. माणसांचं बोलणं तेवढं त्याला पुन्हा विचारावं लागे. सुगंधा, त्याची बायको, म्हणायची, "तुमका माझाच बोलणा बरा ऐकाक येना नाय!" तो हसायचा.

मग मुलुंडच्या एका साइटवर बूट आले.

साइटवर अनिरुद्ध नावाचा तरुण सुरक्षा अधिकारी होता. पोरगा चांगला, दोघांनाही काका म्हणायचा. शेजारच्या साइटवर एकाचा पाय खिळ्यावर पडून सडला होता, म्हणून यानं नियम केला. "काका, जाड तळाचे बूट आणि बेल्ट. त्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही. हात जोडतो." त्यात वाईट काय होतं? काहीच नाही. त्यानं स्वतः खाली बसून गुणाजीच्या बुटांच्या नाड्या बांधून दिल्या.

गुणाजी वर चढला. पन्हळीवर उभा राहिला. वाट पाहिली.

काहीच नाही.

तो आणखी थांबला. खाली शेडच्या काठावरून धोंडिरामचं डोकं बाहेर आलं. त्याचा हात हलत होता, तोंड हलत होतं. गुणाजीला उमगलं, ठोका कधीचा पडतोय. त्यानं बूट पत्र्यावर दाबून पाहिला, तळपायात काहीच उमटलं नाही. तो पत्र्यावर ताठ उभा राहिला, बेल्ट बांधून.

"चहा नाय घेतलंय म्हणान झोप येता!" तो ओरडला, आणि अंदाजानं चालू लागला.

अंदाज चुकले. टाच आपटायची, वाट पाहायची, पुन्हा आपटायची. बूट काढावे म्हटलं तर अनिरुद्धची नजर. छपरावरून उतरावं म्हटलं तर पुढं काय? त्याला दुसरं काहीच येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, छपराचं काम सुटलं तर धोंडिरामची सोबतही सुटेल, याची त्याला जास्त भीती होती.

दुसऱ्या दिवशी चमत्कार झाला. पन्हळीच्या मधोमध त्याला एक भोक दिसलं. ताजं, उन्हात काठ चमकत होते. हीच गळतीची जागा! त्यानं वायसर घालून स्क्रू बसवला, वर सिलिकॉन फिरवलं, टाच आपटली. थोड्या वेळानं धोंडिराम बाहेर येऊन दोन्ही हातांनी खूण करून गेला, मिळालं. पुढं गेला तर आणखी एक. मग आणखी.

घरी आल्यावर त्यानं विठोबापुढं साखर ठेवली. "काय झाला?" सुगंधानं विचारलं.

"वाट दाखवता गो तो. आंधळ्याकय दिसतला तसा दाखवता."

पण ऐका. त्या भोकांवरून हात फिरवताना गुणाजीच्या बोटांना कळलं होतं. भोकाचे काठ वर आले होते, खालून दाबल्यासारखे. गंजानं झालेलं भोक असं नसतं. बोटांना कळलं, पण बोटांनी ते मनाला सांगितलं नाही. माणूस देवाचं नाव घेतो तेव्हा कधीकधी न विचारण्यासाठीच घेतो, आपल्यातही असे असतील.

छप्पर संपलं, भिंतींचे पत्रे नवे स्क्रू घालून कसले गेले. मग पाइप लावून पाण्याची चाचणी घेतली. शेडमध्ये फ्लॅटचे नवे लाकडी दरवाजे रचून ठेवले होते. अनिरुद्धनं नळ सोडला, आणि सगळे आत येऊन वर बघत उभे राहिले. पत्र्यांच्या जोडांतून आधी एक धार आली, मग पाचसहा. जुनी एकही गळती बंद झाली नव्हती. ओढाताण करून दरवाजे हलवेपर्यंत कडा भिजून फुगल्या.

अनिरुद्ध वर गेला, खाली आला. त्याचा चेहरा उतरला होता. "काका, जोडांना कुणी हातच लावलेला नाहीये. आणि पन्हळीत नवी भोकं आहेत. आतून खिळा मारून पाडलेली. कोणी केलं हे?"

गुणाजीला शब्द पोचले नाहीत. त्याला फक्त दिसलं, की सगळे धोंडिरामकडे वळलेत, आणि धोंडिराम हातातल्या हातोड्याकडे बघतोय.

"मी केलं," धोंडिराम म्हणाला. "माझी चूक. मलाच जागा सापडत नव्हती."

"जागा सापडत नव्हती म्हणून छपराला भोकं? काका, ह्याला नासधूस म्हणतात. मला वर सांगावं लागेल."

"सांगा."

गुणाजी पुढं सरकला. "काय म्हणता तो?"

धोंडिरामनं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो त्याच्या कानाशी वाकला नाही, मोठ्यानं ओरडला नाही. नुसता ओठ हलवून, सावकाश म्हणाला, "काही नाही यार. चल घरी."

त्या सावकाश हललेल्या ओठांनी गुणाजीला सगळं कळलं. याला कधीपासूनच ठाऊक होतं. ठोके ऐकू जात नाहीत हे पाहून यानं जागा दिसावी म्हणून खिळे मारले, जमेल तिथून, पातळ पत्रा सापडेल तिथून. जोडांवर पत्रा दुहेरी, तिथं खिळा शिरला नाही, आणि जोड तसेच राहिले. विठोबा वगैरे कुणी नव्हतं, घोड्यावर चढून घामाघूम झालेला धोंडिराम होता.

"साहेब," गुणाजी म्हणाला. त्याचा आवाज फार मोठा निघाला, बहिऱ्याचा निघतो तसा. "त्याची चूक नाय. माका ऐकाक येना नाय. पायान ऐकी होतंय. बूट घातल्यार सगळा बंद झाला. ह्यान माझ्यासाठी केल्यान."

शेडमध्ये फक्त पाणी टपकत होतं. तेही त्याला ऐकू आलं नाही.

धोंडिरामचं काम तरी वाचेल, असं त्याला वाटलं होतं. वाचलं नाही. अनिरुद्धनं मान खाली घालून सांगितलं, की दोघांचंही काम इथं थांबलं. बहिऱ्या माणसाला छपरावर चढवता येत नाही, आणि ज्यानं ते लपवलं त्यालाही ठेवता येत नाही. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पुढच्या आठवड्यात जुने पत्रे उतरवून नवे लावले गेले.

दवाखान्यात सांगितलं, नस सुकली आहे, कानाच्या यंत्रानं नुसता गोंगाट वाढेल. गुणाजीनं झांज मंडळात परत दिली. बुवा म्हणाले, असू दे, नुसता बसायला ये. तो दोन गुरुवार बसला. तिसऱ्या गुरुवारी गेला नाही. धोंडिरामला अंधेरीला काचेच्या इमारतींवर पॅनेल बसवायचं काम मिळालं, दुसऱ्याच जोडीदाराबरोबर. तिथं कुणी कुणाला ठोकून विचारत नाही.

एका रविवारी सुगंधा बाजारातून आली तर दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली. आत गरम असताना बांधलेली, आता गार झालेली भजी. गुणाजी दाराकडे पाठ करून, पाय वर घेऊन खाटेवर बसला होता.

"धोंडिरामभावजी इल्ले?"

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

शेजारच्या रुक्मिणीनं सांगितलं. "आले होते ना. दोन दोन वेळा कडी वाजवली, थांबले, पुन्हा वाजवली. मला वाटलं घरात कुणी नाही. बराच वेळ उभे होते. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, गेले."

धोंडिरामला वाटलं असणार, ठोका पायात उमटूनही गुणाजी मुद्दाम दार उघडत नाही. फोनवर बोलायचं कुणी? एकाला ऐकू येईना, दुसऱ्याला लिहायची सवय नाही. सुगंधानं एकदा फोन केला, तो उचलला गेला नाही.

गुणाजीच्या घराची पुढची भिंत पत्र्याची. आता रविवारी तो खाट सोडून जमिनीवर बसतो. पाय अनवाणी, पाठ त्या पत्र्याला टेकलेली. बाहेरून कुणी ठोकलं तर पाठीत उमटेल. मुलं चेंडू मारतात, मांजर उडी टाकतं, तेव्हा तो उठून दार उघडतो आणि पुन्हा लावतो. धोंडिराम नंतर आला नाही.

तर बाबांनो, एवढीच गोष्ट. हिला गोड शेवट लावता आला असता, पण तो खरा झाला नसता. तुमच्याकडं एवढंच मागतो. कधी कुणाचं दार वाजवलंत आणि आतून उत्तर आलं नाही, तर लगेच पाठ फिरवू नका. जरा जोरानं, पुन्हा दोनदा ठोका. आणि त्या वेळी पत्र्याला पाठ लावून बसलेल्या गुणाजी परबाची आठवण ठेवा.