कप्तानाच्या स्वेटरवरची अक्षरं

कॅप्टन कुकच्या नावावर आमच्या व्हिटबीत काय काय विकलं जातं, हे त्याला कळतं तर तो या बंदरात परत फिरकलाच नसता. कपबश्या झाल्या, पुसणी झाली, साबणसुद्धा झाला. यंदाच्या जयंतीला माझ्या दुकानात लोकरीचे विणलेले कप्तान-बाहुले ठेवायचे, म्हणून मी शेजारच्या स्टेथ्स गावच्या डॉर्कसमावशींना विचारलं. नवरा गेल्यापासून तीन हिवाळे त्यांनी सुया हातात घेतल्या नव्हत्या. त्या हो म्हणाल्या, तेव्हा मलाच बरं वाटलं.

जयंतीच्या आदल्या दिवशी त्या पिशवीभर कप्तान घेऊन आल्या. उत्सवाचे अध्यक्ष स्टॉरआजोबा दुकानात बसलेलेच होते. मासेमारी सुटली, तरी गळ टाकायची सवय काही सुटली नव्हती.

"स्वेटरची ही वीण तुमच्या स्टेथ्सची," ते म्हणाले. "कप्तान आमचा आहे, डॉर्कस."

"तुमच्याकडे जहाजावर चढायच्या आधी आमच्याकडे दुकानात कापड मोजत होता. वळण आमचंच."

आजोबांनी चष्मा नाकावर घेतला. "आणि खाली काठावर हे ए. व्ही. कोण?"

आमच्याकडे कोळ्याच्या स्वेटरच्या काठावर त्याच्या नावाची अक्षरं विणतात. समुद्राने माणूस परत दिलाच, तर कुणाचा ते कळावं म्हणून.

मावशींनी एक बाहुला उलटला, मग दुसरा, मग तिसरा. सगळ्यांवर एमस व्हेरिल, त्यांचा नवरा. त्यांचा चेहरा पार उतरला.

"सेहेचाळीस वर्षं एकाच माणसाचं विणलं. हाताला दुसरं ठाऊकच नाही रे." त्या बाहुले पिशवीत भरू लागल्या. "उसवते सगळे. आणि पुन्हा नाही विणायची मी."

मला आजोबांचा असा राग आला! पण ते एक कप्तान हातात घेऊन काठावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत होते. एमस आणि ते वीस वर्षं एका होडीत होते.

"भित्रा होता एमस," ते म्हणाले. "किनारा दिसेनासा झाला की होडी वळवायचा."

"भित्रे नव्हते. घरचं अंथरूण लागायचं त्यांना."

"उद्या ऑस्ट्रेलियाची मंडळी येतायत, हे कप्तान तिकडे घेऊन जातील." आजोबांनी पिशवी ओढून घेतली आणि एकेक कप्तान खिडकीत मांडायला लागले. "जाऊ दे लेकाच्या एमसला. बघू दे जग."

मावशींनी खिडकीतल्या एका कप्तानाचा स्वेटर सारखा केला.

"एवढ्या लांब हरवले म्हणजे?"

"नाव आहे ना काठावर," आजोबा म्हणाले.