वेळेआधीचं विमान

वेळापत्रककाका आयुष्यात एकच खोटं बोलले होते, आणि तेही छापून.

त्यांच्या छोट्या विमानतळावरून तितक्याच छोट्या दुसऱ्या विमानतळावर विमान वीस मिनिटांत पोचायचं. काकांनी वेळापत्रकात लिहिलं, एक तास. झालं! विमान कितीही रखडलं तरी वेळेआधीच. साहेबांनी पाठ थोपटली, प्रवासी खूश. कुणाच्या बापाचं काय गेलं?

आज त्याच विमानात काका पहिल्यांदाच बसले होते, लेकीशेजारी. तिला तिकडच्या दवाखान्यात नोकरी लागली होती. बातमी ऐकल्याऐकल्या काका भडकले होते, "गेलीस तर पुन्हा या घराची पायरी चढू नकोस!" लेकही बापावर गेलेली. तिने सगळं सामान बांधलं, अगदी शाळेतल्या बक्षिसांची पेटीसुद्धा, आणि अबोला धरला. शेवटी बायकोने काकांना स्वयंपाकघरात गाठलं.

"तिला सोडायला जा आणि वाटेत ते शब्द मागे घ्या. नाहीतर पोरगी कायमची गेली समजा."

चांगला तासभर आहे, काकांनी मनाशी ठरवलं. आधी इकडचं तिकडचं, मग चहा, मग मुद्द्याचं. दुसऱ्या कुणी असा हिशेब मांडला असता तर काकाच पोट धरून हसले असते. पण स्वतःचंच छापलेलं इतकी वर्षं वाचून त्यांना ते खरं वाटायला लागलं होतं.

विमान उडालं. लेक पेटी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. काकांनी घसा खाकरला.

"हवा बरी आहे."

"हं."

"अंतर तसं काहीच नाही."

"हं."

काका चहाची वाट बघत बसले. हवाई सुंदरी आली ती उतरण्याआधीचे पट्टे तपासायला.

"एवढ्यात?" काका ओरडलेच.

"नेहमीसारखं वेळेआधी!" ती कौतुकाने म्हणाली.

चाकं टेकली. आता दार उघडणार, लेक उतरणार, खेळ खलास.

पण दार काही उघडेना. शिडीवाला जागेवर नव्हता. तो बिचारा छापलेल्या वेळेला यायचा, तोवर घरी निवांत जेवायचा. रोजचंच होतं ते, फक्त काकांना कुणी कळवलं नव्हतं.

मागचे एक गृहस्थ तडकले, "कुठल्या गाढवाने केलंय हे वेळापत्रक?"

लेकीने बापाकडे पाहिलं. ओठ घट्ट दाबले, तरी फिसकन हसलीच.

"मीच तो गाढव," काका हळूच म्हणाले. "आणि ते पायरीचं बोललो, तेही गाढवासारखंच. तू नसलीस की घर खायला उठेल गं मला. भीती वाटली आणि तोंडातून भलतंच निघालं. चुकलो मी."

लेक मांडीवरच्या पेटीच्या कडीशी चाळा करत राहिली.

शिडीवाला तोंड पुसत आला, अगदी ठरल्या वेळेला. लोक पुटपुटत उतरले. काका उठायला लागले, तशी लेकीने पेटी उचलून त्यांच्या हातात ठेवली.

"ही परत घरी न्या, बाबा. माझ्या कपाटात होती तिथेच ठेवा," ती म्हणाली. "मी सुट्टीला आले की बघणार आहे."