उसवलेला चोरकप्पा

मित्रांनो, मला उचलण्याआधी माझ्या उजव्या कुशीत जरा हात घालून बघा. अस्तराला वीतभर चीर लागेल. घाबरू नका, दुखत नाही. मी एक जुनी, हिरव्या रेक्झिनची बॅग आहे आणि ही चीर माझी आयुष्यभराची कमाई आहे. ती कशी पडली, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्या दुकानात झाला. दुकानाच्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. एका बसच्या सीटा शिवून उरलेलं कापड त्यांनी चार दिवस कोणाला हात लावू दिलं नाही आणि पाचव्या दिवशी त्यातून मला शिवलं. नायलॉनचा काळा दोरा, दुहेरी टीप, कोपऱ्यांना चामड्याचे तुकडे. मास्तरांची शिवण कधी उसवत नसे आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. मला घरी नेलं तेव्हा त्यांच्या बायकोला सातवा महिना लागला होता.

त्यांची बायको चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायची. तिला सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते. दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेणारी ही बाई डॉक्टरांचं अक्षरसुद्धा न अडखळता वाचायची. घरात तिसऱ्या होत्या मास्तरांच्या आई, म्हणजे ताईच्या सासूबाई. त्या मला रोज भरायच्या आणि रोज रिकामी करायच्या. झबली मोजायच्या, टोपडी मोजायच्या, थर्मासचं झाकण पुन्हा एकदा फिरवून बघायच्या. मास्तर बाळाच्या पायमोज्यात आपला अंगठा घालून बसायचे आणि आईचा ओरडा खायचे. इतकं प्रेम माझ्या वाट्याला पुढे कधीच आलं नाही.

घराजवळच्या छोट्या प्रसूतिगृहात मास्तरांनी स्वतंत्र खोली ठरवली होती आणि आगाऊ पैसेही भरले होते. आठव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा कागद पुढे ठेवला. बाळाला पोटात अन्न पोचवते ती वार, ती खाली सरकून गर्भाशयाच्या तोंडावरच बसली होती. “ऑपरेशन करावं लागेल, आणि रक्त लागू शकतं,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे रक्तपेढी नाही. तुमचे पैसे मी परत देते. तुम्ही मोठ्या सरकारी रुग्णालयात नाव घाला.”

घरी दोन दिवस सासूबाईंनी तेच लावून धरलं. “सरकारी? तिथे म्हणे एका खाटेवर दोघी झोपवतात!”

“आपण मोठं खासगी बघू,” मास्तर म्हणाले. “मी कर्ज काढीन. मशीन विकीन.”

“मशीन विकून बाळाला काय, हाताने शिवून खायला घालणार?” ताई म्हणाली. “अहो, खोली कशी आहे ते मला नकोच आहे. तिथे रक्त आहे, दिवसरात्र भूल देणारे डॉक्टर आहेत. मी काल स्वतः जाऊन विचारून आले, नावही घालून आले.”

“एकटी?” सासूबाई ओरडल्या.

“बसने गेले, बसने आले. बसायला जागाही मिळाली. सीट बहुतेक आपल्याच दुकानातली होती.”

मास्तरांना हसू आलं आणि तिथे तो वाद मिटला. पण सासूबाईंच्या मनातली भीती गेली नाही. मोठ्या गर्दीत पैसे आणि कागद कोणी लांबवले तर? म्हणून त्यांनी माझ्या अस्तराखाली एक चोरकप्पा करायला लावला. मास्तरांनी पैसे आणि सगळे कागद त्यात घातले. “नुसता कच्चा टाका मारा हं,” ताई म्हणाली, “ओढला की निघेल असा.” मास्तरांनी मान डोलावली आणि मला मशीनखाली घेतलं. पण मित्रांनो, वीस वर्षं बसच्या सीटा शिवणाऱ्या त्या हाताला कच्चा टाका येतच नव्हता. पायडलवर पाय पडला आणि दुहेरी टीप बसली. खोटं कशाला बोलू, माझी छाती तेव्हा अभिमानाने फुगली होती.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, ताईला रक्तस्राव सुरू झाला. दुखत काहीच नव्हतं, पण रक्त थांबेना. सासूबाईंनी मास्तरांना फोन केला, मला काखेत मारलं आणि टॅक्सीने ताईला रुग्णालयात आणलं. सिस्टरने ताईला चाकांच्या खाटेवर घेतलं आणि कागद मागितले. सासूबाईंनी मला फरशीवर उलटी केली. झबली पडली, पायमोजे पडले, थर्मास गडगडत गेला. कागद पडले नाहीत.

“आत शिवलेत हो!” सासूबाई रडवेल्या झाल्या.

“शिवलेत?” सिस्टरने पुन्हा विचारलं.

एवढ्यात एक तरुण डॉक्टर तपासायला हातमोजे चढवू लागले. ताई पांढरीफटक पडली होती, पण तिचा आवाज खणखणीत होता. “थांबा! आतून तपासू नका. माझी वार खाली आहे, गर्भाशयाच्या तोंडावर. हात लागला तर रक्त वाढेल असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. माझं नाव इथे नोंदलेलं आहे.”

डॉक्टरांचे हात जागीच थांबले. “रिपोर्ट दाखवा,” ते म्हणाले. “तोवर सोनोग्राफीचं मशीन इकडे आणा आणि रक्तपेढीला कळवा.”

तेवढ्यात मास्तर धावत आले. टाके उसवायची सुरी दुकानातच राहिली होती. त्यांनी नखं लावली, दात लावले. माझा एक टाका हलेल तर शपथ. माझ्या पक्केपणाची मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली. शेवटी सिस्टरने आपली कात्री त्यांच्या हातात दिली, आणि आयुष्यात कधी कोणाचं काम न बिघडवलेल्या त्या माणसाने मला टर्रकन फाडलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि ऑपरेशनचा संमतीचा कागद मास्तरांपुढे धरला. मास्तरांनी तो ताईला दिला. तिने आडवं पडूनच बारीक अक्षरांसकट वाचला, “बाळाला आधी कोण बघणार?” एवढं विचारलं आणि सही केली.

दार बंद झालं. सासूबाई मला मांडीवर घेऊन बाकावर बसल्या आणि त्यांचं बोट माझ्या चिरेत तसंच राहिलं. मास्तर सारखे म्हणत होते, “आई, मी कच्चा टाका का नाही मारला?” त्या दुसऱ्या हाताने त्यांची पाठ थोपटत राहिल्या. ताईला रक्ताच्या तीन पिशव्या लागल्या. मग आतून रडण्याचा आवाज आला आणि सिस्टरने सांगितलं, “मुलगी आहे. आणि आईसुद्धा ठीक आहे.” त्या दुसऱ्या वाक्यावर आमच्या तिघांचा जीव भांड्यात पडला.

घरी गेल्यावर मास्तर चीर शिवायला बसले, तर ताई म्हणाली, “राहू द्या. पुढच्या बाजूला पारदर्शक प्लास्टिकचा खिसा लावा. कागद सगळ्यांना दिसले पाहिजेत.” त्या खिशासह मी पुढे किती घरी गेले! नणंदेकडे, शेजारणीकडे, चष्म्याच्या दुकानातल्या मुलींकडे. अकरा बाळंतपणं केली मी. लोक म्हणायचे, ही बॅग पायगुणाची आहे. मग माझी चेन तुटली, बाजारात चाकांच्या बॅगा आल्या आणि मी माळ्यावर गेले. माझ्या पोटात जुने स्केट्स आणि झुरळं राहू लागली. वाईट वाटलं, का नाही वाटणार?

ती मुलगी आता बारा वर्षांची आहे. तिच्या काकूला सातवा महिना लागलाय, म्हणून गेल्या रविवारी तिनेच मला खाली काढलं आणि ओल्या फडक्याने पुसलं. काकूचा रक्तगट, डॉक्टरांचे फोन, सगळं मोठ्या अक्षरात लिहून तिने पुढच्या खिशात सरकवलं. मित्रांनो, तुमच्या घरी अशी तयारी चालू असेल तर झबली जरूर मोजा, पण कागद हाताशी ठेवा. आणि जिचं पोट आहे तिला सगळं माहीत असू द्या, तिचं ऐका. माझ्या पोटातले कागद मिळत नव्हते तेव्हा ताईच्या तोंडातले शब्दच कामी आले होते.

मला पुसता पुसता मुलीचं बोट चिरेत अडकलं. “बाबा, इथे फाटलंय. शिवून देता?”

मास्तरांनी चष्मा वर केला, पण सुईकडे हात नेला नाही. कोपऱ्यात पायमोजे मोजत बसलेल्या आजीच आधी बोलल्या.

“नको गं. उघडंच राहू दे ते. तू तिथूनच आलीस.”