काळ्या डोक्याचा कुरव

सिद्धराम तसा खोटं बोलणारा गडी नव्हे, पण पौषात एकदा बोलला आणि पुरता फसला. संगप्पा गुरुजी लातूरच्या दवाखान्यात चार दिवस भिंतीकडं तोंड करून पडले होते. जेवण सोडाच, पाणीही घोटभर घेईनात. ज्यांनी आपल्याला एकेक पाखरू ओळखायला शिकवलं त्यांचे हे हाल बघवेनात, म्हणून हा पठ्ठ्या बोलून गेला, "गुरुजी, धरणावर काळ्या डोक्याचा मोठा कुरव आलाय. सकाळीच बघितला." झालं! चाळीस हिवाळे ज्याची वाट बघितली त्या पाणपाखराचं नाव ऐकताच म्हातारा उठून बसला आणि वाटीभर भात खाल्ला.

घरी आल्यावर गुरुजींनी आधी वही मागितली. उदगीरजवळच्या त्या धरणावर दिसलेलं प्रत्येक नवं पाखरू तिच्यात होतं, आणि नियम एकच, दोघांनी बघून दोघांनी सही केल्याशिवाय नोंद पक्की नाही. अकरा वर्षं दुसरी सही सिद्धरामची होती.

"मला दाखव त्यो," गुरुजी म्हणाले.

आता दाखवायचा कुठून, कपाळ! पण खरं सांगायला जीभ रेटेना. माघाच्या थंडीत रोज सकाळी तो गुरुजींना मोटारसायकलवर मागं बसवून आणायचा आणि पाणी ओसरलेल्या काठावर पोतं अंथरून बसवायचा. समोर नेहमीचे लहान कुरव शे-दोनशे, नुसता गलका. मोठा एकही नाही. गुरुजी खोकत खोकत दुर्बीण लावायचे. "उद्या येईल की," सिद्धराम म्हणायचा. परतल्यावर घराच्या दारात गुरुजींची बायको दानम्मा उभीच, "आरं, छातीत कफ हाय त्यांच्या. किती दिस बसवणार हाईस थंडीत?"

नवव्या दिवशी गुरुजी ओरडलेच, "सिद्धा! त्यो बघ! काळं डोस्कं!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

सिद्धरामनं दुर्बीण घेतली. मासे धरणाऱ्या भोयांच्या जाळ्याला बांधलेला थर्माकोलचा तुकडा, वर काळी चिंधी, लाटांवर डुलत होता.

तोवर गुरुजींनी तारीख टाकून नाव लिहिलं होतं, आपली सहीही ठोकली होती. "कर सही."

केली तर सुटका. उद्यापासून थंडीतलं बसणं बंद, म्हातारा खूश, आपलं खोटंही गाडलं गेलं. पण त्या वहीत थर्माकोल? सिद्धरामचा हात काही उठेना.

"गुरुजी, त्यो कुरव न्हाई. थर्माकोल हाय. आन् मी बी कदी बघितला न्हाई. तुमी जेवावं म्हणून बोललो."

गुरुजींनी आजची ओळ खोडली. सुटलो बाबा, असं सिद्धरामला वाटलं. पण गुरुजी पानं मागं उलटू लागले. जिथं जिथं सिद्धरामची सही, तिथं तिथं ते शेजारी प्रश्नचिन्ह काढत होते.

"गुरुजी, आईशप्पथ, ते समदं खरं हाय!"

"असंल की," गुरुजी म्हणाले. आवाजात राग नव्हता. "पर मला आता कसं कळावं?"

वारा सुटला होता. पानं फडफडत गुरुजींच्या बोटांतून निसटायला लागली. सिद्धराम पुढं सरकला, वही दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि अकरा वर्षांपूर्वीच्या पहिल्या सहीशेजारी प्रश्नचिन्ह पडेपर्यंत तशीच धरून ठेवली.