या आणि वाजवा

ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनी बत्तीस वर्षं गाडीत काढली, पण शेजारच्या सीटवर बसून. "क्लच हळू सोडा, आरशात बघा, अहो माझ्याकडे काय बघताय, रस्ता समोर आहे!" असं म्हणत म्हणत त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली. एकसष्टाव्या वर्षी स्कूल भाचीच्या हवाली केलं आणि एका बुधवारी सकाळी थर्मास, चादर आणि कपड्यांची पिशवी मागच्या सीटवर टाकून त्या निघाल्या.

"मी येते ना मावशी," भाची फाटकापर्यंत आली. "एकटी कुठं जातेस?"

"शेजारी कुणी नको बाई. शेजारच्या सीटचा जन्माचा वीट आलाय मला."

कुठं जायचं ते मात्र त्यांनी नीट सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भाची हसली असती.

बाईंचे वडील बसचे ड्रायव्हर. सकाळची लांब पल्ल्याची गाडी त्यांच्याकडे होती. आई नर्स, तिच्या पाळ्या सारख्या बदलत्या. शाळेला सुट्टी लागली की पोरीला सांभाळणार कोण? मग बाबा तिला बरोबर घेत. त्यांच्या पाठीमागची खिडकीची सीट तिची. त्या रस्त्यावर तीन गावं अशी होती, की गाव यायच्या आधीपासूनच पोरगी काचेला नाक लावून बसायची. पहिल्या गावात, बुटांच्या कारखान्यासमोर, एक दुमजली बूट उभा होता. दुसऱ्या गावात कुणा हौशी माणसानं नुसत्या बाटल्यांचं घर बांधलं होतं, ते उन्हात हिरवं-तपकिरी लखलखायचं. आणि तिसऱ्या गावात एक बैठं घर होतं. त्याची रस्त्याकडची अख्खी भिंत दारावरच्या घंट्यांनी भरलेली आणि वर पाटी, 'या आणि वाजवा'.

"बाबा, थांबवा ना. दोनच मिनिटं!"

"इथं थांबा नाही," बाबा म्हणायचे.

झालं. पुढं बोलायची सोय नाही. बाबा तसे प्रेमळ, घरी तिचे केससुद्धा विंचरून द्यायचे, पण स्टेअरिंगवर बसले की दगड. सहा वर्षं, प्रत्येक सुट्टीत, बूट आला नि गेला, बाटल्या आल्या नि गेल्या. वाजवायला बोलावणारी ती पाटी मागच्या काचेतून लहान लहान होत जायची आणि ती दिसेनाशी होईपर्यंत पोरगी मान वळवून बघत राहायची. पुढं ती मोठी झाली, बाबांबरोबर जाणं सुटलं, आणि सगळं मनातून गेल्यासारखं झालं. पण स्कूलच्या किल्ल्या भाचीच्या हातात ठेवल्या त्या संध्याकाळी बाईंना पहिलं आठवलं ते हेच.

आता सगळी वाहतूक नव्या हमरस्त्यानं जाते. बाईंनी मुद्दाम जुना रस्ता धरला.

बूट जागेवर होता. कारखाना केव्हाच बंद पडला होता, पण बूट उभा होता, नाडीच्या जागी जाड दोरखंड, चवड्यावरचा रंग उडालेला. आठवणीत तो आभाळाला टेकायचा. इथं शेजारचं झाड त्याच्यापेक्षा उंच. जवळ जाऊन बघतात तर दातांच्या दवाखान्याची पाटी. खिडकीतून एका तरुण डॉक्टरणीनं डोकं बाहेर काढलं.

"दात दुखतोय का?"

"नाही हो. बूट बघायला आलेय."

"मग टाचेकडून या, जिना तिकडं आहे. चवड्याकडून पेशंट येतात."

बाई टाचेतून वर चढल्या, घोट्याच्या गोल खिडकीतून रस्ता पाहिला. इथून बाबांची बस किती चिमुकली दिसली असती! खाली कुणाच्या तरी दातावर मशीन घरघरत होतं. त्या हसत हसतच उतरल्या. पहिला मुक्काम तर झकास झाला.

दुसऱ्यानं मात्र पाणी पाजलं. बाटल्यांच्या घराच्या जागी पेट्रोल पंप. बाईंनी दोनदा गाडी पुढं नेली, मागं आणली. शेवटी पंपावरच्या माणसाला विचारलं.

"ते होय? रस्ता रुंद केला तेव्हा पाडलं," तो म्हणाला. "वर्षं झाली. अजून पाऊस पडला की मातीतून काचा वर येतात. चपला घालून फिरा."

टाकी अर्धी भरलेली असताना बाईंनी उगाचच पेट्रोल भरलं. मग गाडी कडेला लावून थर्मासातला चहा ओतला, पण तो कपात तसाच गार झाला. त्यांना बाबांचा राग आला. बाबांना जाऊन चौदा वर्षं झाली होती, आणि बाई एकसष्ट वर्षांच्या होत्या, पण राग नऊ वर्षांच्या पोरीचा होता, अगदी ताजा. दोन मिनिटं! दोन मिनिटांनी काय आभाळ कोसळणार होतं? आता बसा काचा वेचत.

परत फिरावं असंही मनात आलं. पण अर्ध्यावर गाडी वळवणं त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या गावात त्या पोचल्या तेव्हा चार वाजत आले होते. घर होतं. पाटी होती, नुकतीच रंगवलेली. भिंतीवर पितळी, लोखंडी, चिनीमातीच्या घंट्या, ओढायच्या, फिरवायच्या, दाबायच्या. बाईंचा हात पुढं झाला नि थबकला. इतक्या वर्षांनी नेमकी कुठली वाजवायची?

"कुठलीही वाजवा, सगळ्यांना मीच ओ देते," आतून आवाज आला. ऐंशीच्या घरातली एक म्हातारी काठी टेकत बाहेर आली. हे घर तिच्या वडिलांचं. वडील पोस्टमन होते. जन्मभर लोकांच्या दारावरच्या घंट्या वाजवल्या, आणि ज्या घरांनी जुनी काढून नवी बसवली, त्यांची जुनी मागून आणली.

"मी लहानपणी बसमधून बघायचे, मावशी. रोजची सकाळची गाडी. माझे वडील चालवायचे."

म्हातारीनं काठी भिंतीला टेकवून ठेवली. चष्मा सावरला.

"सकाळची गाडी? तुम्ही त्या ड्रायव्हरांची मुलगी? जिच्या शिकाऊ लोकांची त्या दिवशी परीक्षा होती, ती?"

बाईंना काही उमजेना. म्हातारी त्यांना दंडाला धरून भिंतीच्या टोकाशी घेऊन गेली. तिथं एक साधीशी लोखंडी घंटा होती, खाली दोरी. कंडक्टर ओढतो तसली. शेजारच्या चिठ्ठीवर पोस्टमनचं रेखीव अक्षर होतं. 'सकाळच्या बसची. ड्रायव्हरांनी स्वतः थांबून दिली.'

"त्यांची शेवटची फेरी होती," म्हातारी सांगू लागली. "गाडीही दुसऱ्या दिवशी भंगारात निघणार होती. इथं आले आणि करकचून ब्रेक मारला. आम्हाला वाटलं, अपघातच झाला. खाली उतरून माझ्या वडिलांना म्हणाले, 'आज मला कोण काय करणार आहे?' अहो, अख्खी गाडी उतरली! चाळीस माणसं भिंतीला चिकटली, पंधरा मिनिटं नुसता कल्लोळ. तुमचे वडील मात्र एकही वाजवेनात. माझ्या वडिलांनी आग्रह केला तर म्हणाले, 'माझ्या मुलीला आणायची होती. तिच्या शिकाऊंची आज परीक्षा आहे. तिच्याशिवाय नको.'"

बाई पायरीवर बसल्या.

तो दिवस त्यांना लख्ख आठवला. स्कूल सुरू करून वर्षही झालं नव्हतं. बाबा सकाळी धुतलेला गणवेश घालून दारात उभे होते. "येतेस का आज गाडीवर? शेवटची आहे." आणि त्या चपला शोधत म्हणाल्या होत्या, "बाबा, माझे चारजण परीक्षेला आहेत. नंतर जाऊ की कधीतरी." "बरं," एवढंच बाबा म्हणाले. पुन्हा त्यांनी कधी विषय काढला नाही. थांबलो होतो, हेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लेकीला लागलं असतं, हे त्यांना कळत होतं.

पंपावरचा राग कुठं गेला कुणास ठाऊक. त्याच्या जागी जे आलं त्यानं डोळे भरून आले.  म्हातारी शेजारी येऊन बसली, तिला अशा पाहुण्यांची सवय असावी.

तेवढ्यात एक गाडी थांबली. नवरा-बायको आणि सहा-सात वर्षांची एक मुलगी. मुलगी धावतच आली ती थेट दोरीपाशी.

"ही कशी वाजवायची?"

बाईंनी पदरानं डोळे पुसले. "एकदा ओढली की ड्रायव्हर थांबतो. दोनदा ओढली की निघतो."

मुलीनं दोरी धरली आणि दणादण आठ-दहा वेळा ओढली. "आता?"

"आता ड्रायव्हर खाली उतरून कंडक्टरला धोपटतो," बाई म्हणाल्या. मुलगी खिदळली, म्हातारी खिदळली, आणि नाही नाही म्हणता बाईही.

मग त्या उठल्या. दोरी हातात घेतली आणि एकदाच, सावकाश ओढली. घंटा वाजली. बाईंना बाबांची पाठ दिसली, स्टेअरिंगवरचे हात दिसले. त्या तिथंच उभ्या राहिल्या, आवाज पुरता विरेपर्यंत.

"चहा टाकते," म्हातारी म्हणाली. "आणि आज पुढं जायचं नाही हं. आत खाट मोकळी आहे."

बाईंनी गाडीतून पिशवी आणि चादर काढली.