पॅरिसचा पेपर

नळी घालायची की नाही, हे डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता हवं होतं. न्यूमोनियाने बाबांची छाती भरली होती आणि मास्कमधला ऑक्सिजन पुरेनासा झाला होता. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "नकुल येत असेल तर घाला. नसेल तर मला उगाच छळू नका."

नकुल येणार नव्हता. व्हिसा दुसऱ्यांदा नाकारला, हे सांगायला नागपूरहून त्याचा फोन आला तेव्हा त्याची मोठी बहीण ज्ञानदा अमेरिकेत नेपरव्हिलच्या घराबाहेर गाडीवरचा बर्फ खरवडत होती. हॉस्पिटलला पोचेपर्यंत तिने ठरवून टाकलं.

"बाबा, नकुलचा व्हिसा अप्रूव्ह झाला. निघालासुद्धा तो."

"खरंच?"

"बसला विमानात. खिडकीची सीट मिळालीय. बायकोने दिलेल्या चकल्या त्याने अर्ध्या एअरपोर्टवरच संपवल्या म्हणे."

बाबा हसले, मग बराच वेळ खोकले. जन्मभर विमानांची इंजिनं दुरुस्त केलेल्या हाताने त्यांनी मास्क बाजूला केला.

"ज्ञानू, हा पॅरिसचा पेपर का गं?"

हा त्यांच्या घरातला शब्द होता. १९२७ साली दोन फ्रेंच वैमानिक पॅरिसहून न्यूयॉर्कला निघाले. वजन कमी व्हावं म्हणून उडाल्यावर त्यांनी विमानाची चाकंसुद्धा टाकून दिली. ते पोचलेच नाहीत. पण पॅरिसच्या एका पेपराने ते पोचल्याचं छापलं, कसे उतरले तेही अगदी साग्रसंगीत. बाबा ही गोष्ट जेवताना सांगायचे. तेव्हापासून घरात कुणी गोड थाप मारली की तो पॅरिसचा पेपर.

चकल्यांनी घात केला, हे ज्ञानदाला कळलं. तरीही तिला जीव तोडून 'नाही' म्हणायचं होतं. डॉक्टर दारात उभे होते. बाबांची नजर हलेना.

"हो," ती म्हणाली.

"मग नळी नको." डॉक्टरांकडे बघून त्यांनी हाताने तेच सांगितलं. "त्याला फोन लाव."

"बाबा, प्लीज. तो परत अप्लाय करेल. थोडे दिवस तरी..."

"लाव गं."

"ताई, कसे आहेत?" नकुलचा आवाज चिरकला. तिने फोन बाबांच्या तोंडाशी धरला.

"मस्त आहे रे." बाबा एकेक शब्द ओढत होते. "उद्या... घरी सोडतायत. ही तुझी ताई... उगाच घाबरवते."

पलीकडे नकुल सुटल्यासारखा हसला. ज्ञानदाने मास्क बाबांच्या नाकातोंडावर नीट बसवला आणि फोन कानाला लावला.

"हो रे," ती म्हणाली. "मीच घाबरले होते."