मागे पडलेलं घड्याळ

कडोदऱ्याच्या मगनभाई या गुजराती शेठच्या कारखान्यात साड्यांना लेस लावायच्या शिलाई मशिनी होत्या. त्या चालवणाऱ्या बायका बहुतेक जवळच्या नवागामला राहणाऱ्या, मूळच्या खानदेशातल्या. हेमराज तिथला मेकॅनिक. त्या बायकांतली कलाबाई त्याच्या आजोळची, पारोळ्याकडची, म्हणून तो तिला मावशी म्हणायचा. कारखान्यात त्याचं नाव शेठला सुचवलं होतं तेही तिनंच.

त्या वर्षी मोटारी फार जळायला लागल्या. हेमराज सगळ्या मशिनींना एकाच दिवशी तेल-पाणी करायचा, पण काही मशिनी दिवसभर घुमत आणि काही अर्ध्या वेळ बंद असत. कुठली किती चालली ते कळल्याशिवाय सर्व्हिसिंगचा मेळ बसणार नाही, असं त्यानं शेठला सांगितलं. मोजणारे मीटर मिळत होते, पण मगनभाई म्हणाले, "एटला खर्चा नको. सस्तामां काही कर."

हेमराजनं मग जुन्या बाजारातून सेलवर चालणारी छोटी घड्याळं आणली. प्रत्येकाच्या सेलची वायर तोडून मध्ये एक रिले घातला, म्हणजे विजेवर चालणारा छोटा खटका. मोटारीला वीज मिळाली की खटका जुळायचा आणि घड्याळ चालायचं. मोटार बंद, तर घड्याळही बंद. सकाळी सगळे काटे बारावर आणायचे आणि सुटी व्हायच्या वेळी कुठे पोचले ते बघायचं, एवढंच. वायर आखूड पडत होती म्हणून त्यानं घड्याळं मशिनीच्या टेबलावरच बसवली, बाईच्या अगदी समोर.

अनुसया नावाची एक बोलकी बाई होती. तिनं विचारलं, "हाई काय शे भो? आता आम्हाला टायमावर शिवायचंय का?"

हेमराज खाली वाकून स्क्रू पिळत होता. तो सहज म्हणाला, "तुम्ही किती वेळ जागेवर बसता ते मोजतंय."

त्याला वाटलं, हसतील. पण कुणी हसलं नाही. अनुसयानं पदर सावरला आणि सुई खाली घेतली. शेजारच्या दोघी बोलत होत्या, त्या गप्प झाल्या. आतापर्यंत या बायका त्याला हेम्या म्हणायच्या, सुई तुटली की लांबूनच हाका मारायच्या. त्या दिवशी दुपारी अनुसयानं त्याला "हेमराजभाऊ" म्हटलं. ते त्याला आवडलं. गंमत केली होती असं सांगायचं त्याच्या मनात आलं, पण त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर ते सांगणंच अवघड होऊन बसलं.

जागेवरून उठताना मोटार बंद करायची, हा लाइटबिलासाठी शेठचा जुना नियम होता. म्हणजे बाई उठली की तिचं घड्याळ थांबायचं आणि बाकीच्यांची पुढे जायची. दुपार होईपर्यंत सगळ्यांच्या काट्यांत फरक पडलेला असायचा. बायका माना वळवून एकमेकींची घड्याळं बघू लागल्या. चहाला उठणाऱ्या चहा जागेवर मागवायला लागल्या.

कलाबाईचं घड्याळ नेहमी मागे असायचं. तिला साखरेचा आजार होता, सारखं लघवीला उठावं लागायचं आणि मोरी जिन्याखाली होती. एकदा तिनं हेमराजला हळूच विचारलं, "माझंच का रे मागे पडतं? बिघडलं का ते?"

"बिघडलं नाही मावशी," तो म्हणाला. "जरा कमी उठत जा."

हे बोलून तो पुढच्या मशिनीकडे गेला. आपण काय बोललो हे तेव्हा त्याच्या ध्यानातही आलं नाही.

मग एका संध्याकाळी मगनभाई वरच्या ऑफिसातून खाली आले. ओळीतून फिरताना त्यांना ती घड्याळं फार आवडली. "हेमराज, आ सबसे पीछे किसका है?"

"कलाबाईचं," हेमराज म्हणाला. विचारलं म्हणून सांगितलं. शेठनं मान हलवली आणि जाताजाता सगळ्यांसमोर म्हटलं, "मासी, जरा घडियाळ तरफ ध्यान राखो." कलाबाईनं मान वर केली नाही. हेमराज पान्यावरचं ग्रीस पुसत उभा राहिला.

त्यानंतर तिचं घड्याळ बरोबरीनं चालायला लागलं. हेमराजनं ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. ती आता घरून पाण्याची बाटली आणत नाही, हे त्याला दिसलं नाही. अनुसयाला दिसलं होतं, पण ती बोलली नाही, कारण तिनंही पाणी कमी केलं होतं.

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी कलाबाई मशीनवरच कलंडली. अंग तापलेलं होतं. रिक्षातून तिला दवाखान्यात नेलं. लघवी कोंडून धरल्यानं आणि पाणी न प्यायल्यानं आत जंतू झालेत, ते मूत्रपिंडापर्यंत गेलेत, असं डॉक्टर म्हणाले. बरेच दिवस तिला तिथं ठेवलं.

हेमराज शहाळं घेऊन भेटायला गेला. कलाबाईची सून योगिता दारातच होती. ती म्हणाली, "त्या घड्याळासमोरून उठायची भीती वाटते म्हणायच्या. मी म्हटलं, हेमराजभाऊ आपलेच आहेत, त्यांना सांगा. तर म्हणे, त्याला कशाला अडचणीत टाकू, शेठनं त्याच्यावर काम सोपवलंय."

हेमराजला आत जावंसं वाटेना, तरी तो गेला. कलाबाईचा चेहरा सुकलेला होता. त्याला पाहून ती उठून बसायची धडपड करू लागली.

"हेमराज, रागावू नको रे," ती म्हणाली. "माझ्यामुळे तुला शेठसमोर खाली बघायला लागलं. आता बरी झाली की मी मागे नाही पडणार."

शहाळं खाटेखाली ठेवून तो आणखी थोडा वेळ बसला. योगितानं चहा विचारला तर नको म्हणाला. बाहेर आल्यावर बसस्टॉपवर कितीतरी बस गेल्या, तो चढला नाही. ती माफी मागत होती आणि आपण ती ऐकून घेतली, हे त्याला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात व्हायच्या आधी त्यानं शेठला गाठलं. "शेठ, ही घड्याळं मोटारीसाठी आहेत. तेल कधी घालायचं त्यासाठी. माणूस मोजायला नाहीत. मीच बायकांना तसं सांगितलं होतं. खोटं सांगितलं."

"पण फायदा तो थयो ने, बायका आता उठत नाही," मगनभाई म्हणाले.

"कलाबाई दवाखान्यात आहेत. घड्याळं समोर राहणार असतील तर मी ती काढतो. मग सर्व्हिसिंग अंदाजानंच होईल आणि पुन्हा मोटारी जळतील. नाहीतर लांब वायर द्या, मागच्या भिंतीला लावतो."

नवी मोटार घेण्यापेक्षा वायर घेणं स्वस्त होतं. "जे करवुं ते कर," ते म्हणाले.

हेमराजनं लांब वायरी ओढून सगळी घड्याळं मागच्या भिंतीला, मेन स्विचशेजारी लावली. मग बायकांसमोर उभं राहून त्यानं खरं ते सांगितलं. कुणी भांडलं नाही. फक्त अनुसया म्हणाली, "त्या दिवशी आम्ही गप्प झालो, तेव्हा तू बघत होतास." नंतर कितीतरी दिवस बायकांचं त्याच्याशी कामापुरतंच बोलणं राहिलं. हेम्या म्हणणंही बंद झालं आणि हेमराजभाऊ म्हणणंही.

कलाबाई नवागामला घरी आल्यावर तो पुन्हा गेला. ती ओट्यावर बसून मेथी निवडत होती. समोर बसून त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. गंमत म्हणून बोललो, मान मिळाला म्हणून गप्प बसलो, हेही सांगितलं. ती मेथीची पानं खुडत ऐकत होती.

"म्हणजे मी उठली असती तं चाललं असतं?" तिनं विचारलं.

"चाललं असतं मावशी."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग मेथीचं ताट उचलून आत गेली. आतून योगितानं विचारलं, "कोण आलंय?"

"कारखान्यातला माणूस आहे," कलाबाई म्हणाली.

हेमराज ओट्यावर तसाच बसून राहिला. थोड्या वेळानं त्यानं चपला घातल्या आणि गल्लीतून खाली मान घालून चालायला लागला.